मेश्रामजींचं पक्कं कारण

मेश्रामजींसमोर कुठल्याही गोष्टीचं कारण सांगायची सोय नव्हती. "काल भिजलो म्हणून आज शिंका येताहेत," एवढं कुणी सहज बोललं तरी ते सायकल स्टँडवर लावत आणि विचारत, "भिजल्यानंच कायवरून? जे भिजले नाही ते शिंकून नाही राहिले का?" मग न भिजलेल्यांची चौकशी सुरू होई. तोवर समोरचा बिचारा शिंकून शिंकून बेजार झालेला असे.

भिलाईचा पोलाद कारखाना तेव्हा रशियनांच्या मदतीनं उभा राहत होता. एका ठेकेदाराच्या माल उतरवण्याच्या यार्डात आम्ही दोघं कामाला होतो. दोघंही नागपूरकडचे, कॅम्पात खोल्याही भिंतीला भिंत लागून. त्यामुळे मेश्रामजींपासून सुटका मला फक्त झोपेत मिळे. चहूकडे लाल धूळ, भाकरीतही तीच. मला त्या गावाचा पहिल्या दिवसापासून वीट आला होता, आणि त्याचं कारण मेश्रामजींनी विचारू नये एवढीच माझी इच्छा असे.

दुसऱ्यांची कारणं अशी खटाखट पाडणाऱ्या या माणसाच्या घरात मात्र एक कारण ठाण मांडून बसलं होतं. त्यांचा मुलगा मिलिंद चार वर्षांचा असताना वारला. मे महिना होता. मेश्रामजींना डबल ड्यूटी लागली, म्हणून वहिनी पोराला कडेवर घेऊन भर दुपारी यार्डात डबा द्यायला आल्या. त्याच रात्री त्याला ताप चढला, उलट्या सुरू झाल्या आणि थोड्याच दिवसांत पोर हातचं गेलं. नेमकं काय झालं ते डॉक्टरलाही सांगता आलं नाही. वहिनींना मात्र पक्कं ठाऊक होतं. "मीच उनात नेलं न त्याले," एवढंच त्या म्हणत. पुढे त्यांनी बोलणं टाकलं, दिवसाउजेडी बाहेर पडणं टाकलं, आणि हळूहळू जेवणही टाकत चालल्या. ते कारण वहिनींच्या मनातून काढायचं, नाहीतर बाई हातची जाणार, हे मेश्रामजींना कळत होतं. आम्हा शेजाऱ्यांनाही कळत होतं.

यार्डातही कारणं तपासायच्या खोडीपायी त्यांचं काही भलं झालं नाही. आमच्या साहेबांनी इंजिनाला लिंबू-मिरच्या बांधल्या आणि रुळावरून डबे घसरायचे थांबले. साहेब खूश. मेश्रामजी म्हणाले, "साहेब, त्याच हप्त्यात रुळाखालचे स्लीपर बी नवे टाकले न आपण. लिंबू काढून पाहू." आणि खरोखरच काढलं. काही दिवस सगळं सुरळीत चाललं, मग एक डबा घसरला. साहेब ओरडले, "पाहिलं?" मेश्रामजी शांतपणे म्हणाले, "एका डब्यानं पक्कं होत नाही साहेब. अजून एकदोन पडू द्या." त्यानंतर त्यांची बढती जी अडकली ती अडकलीच.

भरतीच्या परीक्षेत तेव्हा तर्काचा एक पेपर असे. एक घटना, तिचं सांगितलेलं कारण, आणि खाली चार वाक्यं. कारण कोणत्या वाक्यानं बळकट होतं ते सांगायचं. कॅम्पातले पोट्टे त्यासाठी मेश्रामजींच्या ओट्यावर जमत. "रशियन साहेब टोपी घालते म्हून ऊन पडते, हे पक्कं कर बरं," ते सांगत. एक पोट्टा म्हणाला, "साहेबाची टोपी पळवून पाहू, मास्तर." "शाब्बास! आन् तरी ऊन पडलं तं?" "तं मार पडते." सगळे हसत. मेश्रामजीही हसत, पण हसता हसता त्यांची नजर बंद खिडकीकडे जाई. आत वहिनी अंधारात बसलेल्या असत.

वहिनींपुढे त्यांनी आपली सगळी विद्या पणाला लावली होती. "त्या दुपारी अजून बाया पोरं घेऊन आल्या होत्या. त्यायच्या पोराइले काही झालं का?" वहिनी म्हणाल्या, "त्यायचे वाचले. माहा कावून नाही वाचला मंग?" त्या दिवशी यार्डात ते मला म्हणाले, "नुसतं कारण पाडून जमत नाही. ती जागा रिकामी राहत नाही. तिथं दुसरं ठेवा लागते."

थंडीतल्या एका रविवारी दुपारी त्यांनी मला चहाला बोलावलं. वहिनी चुलीपाशी बसल्या होत्या. मेश्रामजींनी पोरांना शिकवायच्या आवाजात सुरुवात केली.

"मिलिंदची आई, एक सांगाचं राहून गेलं. तू डबा आणला त्याच्या आदल्या सांजेले मी त्याले बाजारात नेलं होतं न, तवा उसाचा रस पाजला. बर्फ टाकून. त्या हप्त्यात तिथं रस पेलेले कितीक जण उलट्यानं पडले. तुह्या उनाच्या आधीच ते त्याच्या पोटात गेलं होतं."

मी कप खाली ठेवला. त्या संध्याकाळी मी त्यांच्यासोबत होतो. रसाच्या गाड्यापाशी मिलिंदनं रस हवा म्हणून जमिनीवर लोळण घेतली होती. मेश्रामजी म्हणाले होते, "त्या बर्फात काय असते कोनाले ठाव," आणि रडतं पोर तसंच उचलून सायकलवर बसवलं होतं. रसाचा एक थेंब त्याच्या तोंडात गेला नव्हता.

वहिनी माझ्याकडे वळल्या. "भाऊजी, तुमी होते न संगं? पाजला यायनं?"

मेश्रामजी माझ्याकडे पाहत नव्हते.

"हो वहिनी," मी म्हणालो. "मोठा गिलास. मी नको म्हणत होतो."

वहिनींनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग नवऱ्याला म्हणाल्या, "आन् इतके दिवस मले जळू देलं तुमी?" उठल्या आणि त्यांनी खिडकी उघडली.

दुसऱ्या दिवशी त्या उन्हातून नळावर गेल्या. बायकांशी बोलू लागल्या, दोन घास नीट जेवू लागल्या. नवऱ्याशी मात्र बोलल्या नाहीत. त्यांचं ताट वाढायचं आणि आमच्याकडे येऊन बसायचं. फारच गरज पडली तर मला सांगायचं, "त्याइले म्हना, पानी तापलं." महिने गेले तरी हेच. मेश्रामजी एकटे जेवत, एकटे हात धूत. कुणी कशाचंही कारण सांगितलं तरी आता ते सायकल थांबवत नसत.

मला ते पाहवेना. एकदा यार्डात जाताना मी म्हणालो, "मेश्रामजी, सांगून टाकतो वहिनींना खरं काय ते. पुरे झालं."

"नाही बापा," ते घाईनं म्हणाले. "मोठ्या मुश्किलीनं जेवून राहिली ते."

मग ते सायकल हातात धरून चालत राहिले. यार्डाचं फाटक आलं तेव्हा म्हणाले, "त्याले रस खरंच पाजाले पाहिजे होता. लय रडला होता थो."