नियमात न बसणारं वाक्य

लोरेन मॅकिनेन यांना लग्नाचं विचारायचं, हे निवृत्त दंतवैद्य लाइल डेकर यांनी सहा वर्षांपूर्वीच ठरवलं होतं. अडचण एवढीच, की दोघांची गाठ फक्त १९०८ सालात पडत असे.

मिशिगनमधल्या त्या बेटावर एकेकाळी एक सिनेमा चित्रित झाला होता. आजच्या काळातला एक पियानो दुरुस्त करणारा गतकाळात जातो आणि तिथल्या शिक्षिकेच्या प्रेमात पडतो, अशी गोष्ट. मूळ कादंबरीत तो तिथंच राहतो, सिनेमात परत येतो. सिनेमा पडला; पण ज्यांना आवडला, त्यांना तो दुखणं जडावं तसा जडला. दर ऑक्टोबरात ही मंडळी बेटावरच्या त्याच हॉटेलात जमत, १९०८ सालचे कपडे चढवत आणि त्यानंतरच्या जगाबद्दल अवाक्षर काढत नसत. काढणाऱ्याला पुढल्या वर्षी आमंत्रण नसे. एका सद्गृहस्थांनी जेवताना सुनेच्या मायक्रोवेव्हचं कौतुक केलं होतं. ते पुन्हा दिसले नाहीत. हे खातं अध्यक्षीण बेकविथबाईंकडे होतं, आणि त्यांचे कान वयाच्या मानानं फारच शाबूत होते.

डेकर नियमाला पक्के. प्लास्टिकच्या काड्यांचा चष्मासुद्धा ते खोलीत काढून ठेवत. त्यामुळे लोरेनबाई म्हणजे एक जांभळी हॅट, काळेभोर केस आणि संथ, गंभीर आवाज, एवढंच त्यांना ठाऊक होतं. प्रेमाला तेवढं पुरलं होतं.

त्या वर्षी शनिवारी चहाच्या वेळी लोरेनबाई म्हणाल्या, "मिस्टर डेकर, मी पश्चिमेला चालले आहे. आगगाडीनं. परत येणं होईलसं दिसत नाही."

शेजारच्या खुर्चीत बेकविथबाई बिस्किट मोडत होत्या.

काय सुंदर वठवतात बाई, डेकरांना वाटलं. आपण कमी पडू नये म्हणून त्यांनी छातीवर हात ठेवला. "जा, बाईसाहेब. तुमच्या वाटेत मी येणार नाही."

लोरेनबाईंनी कप खाली ठेवला. "बरं," एवढंच म्हणून त्या उठून गेल्या.

"छान झालं हो," बेकविथबाई म्हणाल्या. "अंगावर काटा आला माझ्या."

दुसऱ्या दिवशी दुपारी हवालदाराच्या वेषातला वॉल्ट डेकरांजवळ येऊन बसला. तो त्यांचा जुना मित्र.

"तुझी लोरेन निघाली की रे."

"हो. नाटकात."

"कसलं नाटक? घर विकलं तिनं. अ‍ॅरिझोनाला पोरीकडे चाललीय कायमची. विमानानं."

बेकविथबाईंची मान वळली.

"विमान १९०३ सालीच उडालंय," वॉल्ट घाईनं म्हणाला.

"उतारू घेऊन नाही," बेकविथबाई म्हणाल्या.

वॉल्टनं आवाज खाली आणला. "ती धक्क्यावर गेलीय. काल तुला सांगितलं म्हणे तिनं. तू काय म्हणालास?"

"जा म्हणालो."

वॉल्टनं सावकाश हवालदाराची टोपी काढली आणि मांडीवर ठेवली.

बेटावर मोटारींना बंदी. फाटकापाशी एक घोडागाडी होती, तिच्यात डेकर चढले. "बोट गाठायचीय. जरा हाणा."

"आज घोड्याचा तिसावा फेरा आहे साहेब," गाडीवान म्हणाला. "तुम्हीच सांगा त्याला."

अर्ध्या उतारावर डेकर खाली उतरले आणि चालत घोड्याच्या पुढे निघून गेले.

धक्क्यावर सगळे आपापल्या शतकात परतले होते. डेकरांना नुसते रंग दिसत होते, आणि त्यांत जांभळा नव्हता. जवळच बेसबॉलची टोपी घातलेली, पिकल्या, आखूड केसांची एक बाई सुटकेसवर बसून फजची गोड वडी खात होती.

"माफ करा, इथं एक बाई पाहिलीत? पंचेचाळिशीची, काळे केस, जांभळी हॅट."

तिनं डेकरांकडे बराच वेळ पाहिलं. मग भरल्या तोंडानं विचारलं, "काय काम होतं?"

"काल ती जाते म्हणाली. मी जा म्हणालो."

"मग?"

"मला 'जाऊ नका' म्हणायचं होतं. सहा वर्षं म्हणायचं होतं. पण खरं काही बोलणं नियमात बसत नव्हतं."

"'जाऊ नका' असं १९०८ साली कुणी म्हणत नव्हतं?"

डेकरांनी याचा कधी विचारच केला नव्हता. तो ते आता उभ्या उभ्या करू लागले.

बाईनं घास गिळला. "पंचेचाळीस नाही, चौसष्ट," ती त्या संथ, गंभीर आवाजात म्हणाली. "केस भाड्याचे होते. डावा गुडघा माझाच आहे, पण त्याचा भरवसा नाही. आता बोला."

त्यांनी ताठ कॉलरचं बटण सोडलं. "जाऊ नका," डेकर म्हणाले.

बोटीचा भोंगा झाला. तिनं सुटकेस त्यांच्या हातात दिली आणि दोघं बोटीवर चढले. डेकरांचं सामान, चष्मा, सगळं हॉटेलात राहिलं.

"घोरता का?" लोरेनबाईंनी विचारलं.

चाळीस वर्षं 'दुखणार नाही' असं सांगत आलेल्या डेकरांना इथंही थाप मारता आली असती. "शेजारी तक्रार करतात," ते म्हणाले.

लोरेनबाई पाण्याकडे पाहत राहिल्या. किनारा अगदी जवळ आला तेव्हा त्या म्हणाल्या,

"पोरगीही घोरते. आणि तिच्या घरात तीन कुत्री आहेत. तुमच्या घरात किती?"