तिसरा पुकारा

"महादेव वल्द नागनाथ, जेवायला हाजीर होऽऽ!"

लातुरात राहायला आलो त्या दिवशी शेजारून ही आरोळी आली आणि माझ्या हातातली कपबशी फुटली. वाटलं, घरात पोलीस शिरले. चौकशी केली तर शेजारचे अप्पा स्वतःच्या पोराला जेवायला बोलावत होते.

अप्पांची सगळी नोकरी कोर्टात पुकारा करण्यात गेली. पक्षकाराला तीनदा हाक मारायची, तिसऱ्यालाही आला नाही तर गैरहजर. निवृत्त झाले तरी घरात तोच कायदा. एकदा तिसऱ्या पुकाऱ्याला व्याही न्हाणीत होते, तर त्यांचं पुरणपोळीचं ताट उचललं गेलं! व्याही ओल्या डोक्यानं बघतच राहिले, आणि मीही.

कायद्यातली कलमं बदलली तेव्हा अप्पा ओट्यावर डोकं धरून बसले. "सर, चारशेवीसची तीनशे अठरा केली म्हणं! आता लबाडाला म्हणावं काय? तीनशे अठरा म्हणलं तर लॉजातली खोली समजून चावी मागंल त्यो! बदललं म्हंजे सुधरलं का?"

हे त्यांचं पालुपद. मोबाइलवर ठरलेलं लग्न असो की राजीखुशीची फारकत, "बदललं म्हंजे सुधरलं का?" मी हसून सोडून द्यायचो. पण लेकींना बापाच्या जमिनीत मिळणाऱ्या वाट्यावर घसरले तेव्हा म्हटलं, "अप्पा, हे मात्र सुधरलंच." त्यांनी माझ्याशी बोलणंच टाकलं.

खरं काय ते शोभाकाकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं सांगितलं. औशाला दिलेल्या अप्पांच्या बहिणीनं, गंगाबाईनं, बापाच्या रानात वाटा मागितला. अप्पांनी कुरकुर न करता मोजून दिला. मात्र रानाच्या धुऱ्यावर उभं राहून म्हणाले, "वाटा घेतलास, आता माहेर मागू नको." तेव्हापासून ती नागपंचमीला माहेरी आलेली नाही. व्याह्याचं ताट उचलणं निराळं. सख्ख्या बहिणीला असं कुणी बोलतं?

दर पंचमीला मी गावी असतो. यंदा इथंच होतो, सकाळी पाहतो तर अप्पांच्या लिंबाला झोका. घरात झोक्यावर बसणारं कुणी नाही. अप्पा धुतलेलं धोतर नेसून फाटकात उभे, तोंड औशाच्या रस्त्याकडे.

"गंगाबाई भ्रतार सिद्रामप्पा, हाजीर होऽऽ!"

रस्त्यावरचा रिक्षावाला दचकून थांबला. अप्पांनी दुसरा पुकारा केला आणि गप्प झाले.

मला राहवलं नाही. अबोला मोडून म्हणालो, "अप्पा, औसा काय लांब आहे? मुराळी होऊन जा आणि घेऊन या."

"कोणतं तोंड घेऊन जाऊ, सर? कायद्यानं वाटा मागितला, दिला. माहेर बंद कर असं कोणत्या कायद्यात हाय? ते म्या केलं." त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "मग तिसरा पुकारा तरी करा."

अप्पांनी घाबरून माझा हात धरला.

"न्हाई सर. दर साली दोनच करतो. तिसरा केला की गैरहजर धरावं लागतंय."