विसाजीपंतांनी तपासणी सक्तीची केली त्याची हकीकत

श्री. ज्याने शून्य आणि एक निर्मिले व मधला सर्व गोंधळ आमचे पदरी घातला, त्याचे चरणी मस्तक ठेवून लिहिण्यास हात घातला. शके १९४७, विश्वावसुनाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी, ऐन लग्नसराईत एका राज्यावर जो प्रसंग गुदरला तो ऐसा.

राज्य म्हणावे तर चौथ्या मजल्यावरील कचेरी, आणि लग्नाच्या पंगतींचा हिशेब करणारे प्रोग्राम लिहावे हा राज्याचा उद्योग. गादीवर यशोधराबाईसाहेब, आणि त्यांचे पदरी विसाजीपंत मुख्य प्रोग्रामर, मोठे हुन्नरी आणि तोंडाचे सैल. पंतांनी राज्यात जी भाषा आणिली ती फार मोकळी. आकडा कोणता आणि अक्षरे कोणती हे आधी सांगावे लागत नसे, प्रोग्राम चालू जाहला म्हणजे समोर येईल ते खपवून घेई. पंत मिशीवर ताव देऊन म्हणत, "तपासण्या भित्र्यांनी कराव्या."

मग हैबतरावांचे कन्येचे लग्न निघाले आणि दोनशे पानांची मागणी आली आणि मागाहून पन्नास पाने वाढवा ऐसा निरोप आला. प्रोग्रामात दोनशे हा आकडा म्हणून न उतरता अक्षरे म्हणून उतरला होता, आणि अक्षरांची बेरीज होत नाही, ती शेजारी शेजारी बसतात. सबब २०० चे शेजारी ५० बसून २००५० जाहले आणि तितक्या पानांचे बुंदीचे लाडू मांडवात येऊन पडले. नवरदेवास बसावयास जागा उरली नाही, त्याचे घोडीने मात्र पोटभर खाल्ले. हैबतरावांनी फोनवर बाईसाहेबांचा जो उद्धार केला तो लिहिता लेखणी लाजते.

बाईसाहेबांनी पंतांस बोलावून पुसिले, "पंत, ही चूक आधी कळली असती की नाही?"

"कळली असती. फाइलीचे माथी तपासणीची खूण लिहिली म्हणजे कंपायलर, म्हणजे आमचे लिहिणे यंत्राचे भाषेत उतरविणारा, प्रोग्राम तयार करितानाच अडवितो."

"मग लिहिली का नाही?"

"विसरलो."

"सर्वच विसरता?"

"सर्वच, बाईसाहेब."

तेव्हा हुकूम जाहला की खुणेवर भिस्त ठेवू नये; कोणी काही न लिहिले तरी तपासणी लागू व्हावी, आणि प्रोग्रामातील कोणते काम त्याचे कोणत्या भागाकडे जाणार हेही प्रोग्राम तयार करितानाच पक्के व्हावे, ऐन वेळी विचारपूस नको, आणि ज्यास सूट पाहिजे त्याने आपले नाव घालून मागावी. पंतांनी मनी कष्टी होऊन सेटिंगची एक फाइल लिहिली आणि कंपायलरचे हाती दिली. कंपायलर चालला आणि एकही चूक निघाली नाही. मग कचेरीत पेढे वाटले आणि पंत म्हणाले, "पाहा, आम्ही मुळातच निर्दोष!" बाईसाहेब मात्र पेढा हाती धरून राहिल्या. म्हणाल्या, "या फौजेत एकही चूक नाही? हे होणे नाही." मग स्वतः खुर्चीवर बसोन पानांचे आकड्याचे जागी 'आत्याबाई' ऐसे लिहिले आणि कंपायलर चालविला. त्याने आत्याबाई मुकाट गिळिली. सभा गार पडली. शोध करिता निघाले की पंतांनी तपासणी पंगतींचे सर्व प्रोग्राम ठेविलेल्या 'मुदपाक' (म्हणजे स्वयंपाकघर) नामे फोल्डरास लागू करिताना दकाराचा तकार केला, आणि जे नाव बनले ते भर सभेत उच्चारण्याजोगे नव्हते. त्या नावाचा फोल्डर राज्यात कोठेच नसल्याने कंपायलर काही न तपासता सुखाने परतत होता. सर्वांस तपासणारी ती फाइल, तीस तपासणारे कोणी नाही!

अक्षर सुधारिले आणि पुन्हा चालविले, तो चुकांनी पडदा भरला, निम्म्याहून अधिक पंतांच्याच हातच्या. त्यांत एक ऐसी की पुढील लग्नात ज्या सहा वर्षांच्या पोरीस शेंगदाणा वर्ज्य म्हणून कळविले होते, तिचेच पान दाण्याच्या चटणीत मोजले जात होते. पंतांनी ती दोनदा वाचिली.

बाईसाहेब म्हणाल्या, "पंत, सूट पाहिजे तर नाव घाला."

"नको. दुरुस्त करितो," ऐसे म्हणोन पंत बसले, ते सर्व चुका निवारूनच उठले.

मग ते लग्न जाहले आणि पंगत उठली आणि पोर जेवून मांडवभर हुंदडली, आणि कचेरीस कोणी शाबासकी दिली नाही, कारण सांगण्यासारखे काही घडलेच नाही.

एकंदर वर्तमान इतकेच: राज्य वाचले, कंपायलर नित्य शिव्या खातो आणि पंतांस नित्य अडवितो, आणि पंत अलीकडे त्यास अहोजाहो करितात.