आईची हाडं आणि समुद्राकाठची न्याहारी

आमचं घर तुम्ही उचलून नेलंत. तुमच्या पर्यटन खात्याच्या भाषेत याला 'जतन' म्हणतात, ठाऊक आहे मला. लाकूड तेच असलं तरी डोंगर उतरला की त्याची लायकी वाढते, हा थोर शोधही तुमचाच. डोंगरात आम्हा इफुगाओ जमातीच्या माणसांचं चार खांबांचं घर 'राहण्यास धोकादायक' होतं. बदल्यात तुम्ही छपराला पत्रे दिलेत, घर सुटं करून नेलंत. (एकही खिळा नव्हता, म्हणून झटपट सुटलं. पूर्वजांनी चोरांची एवढी सोय करायला नको होती.) समुद्राकाठी उभं राहिलं आणि तेच घर 'वारसा' झालं. आता तिथे पाहुण्यांना खाट आणि न्याहारी मिळते.

सुधारणा नाकारण्यात अर्थ नाही. उंदीर चढू नयेत म्हणून खांबांना असलेल्या लाकडी चकत्यांवर पोहण्याचे कपडे वाळतात. धुराचा त्रास होतो म्हणून चूल बंद. धूर नाही म्हणून छपराला कीड. म्हणून छप्पर प्लॅस्टिकच्या गवताचं. (कीड त्याला तोंड लावत नाही. किडीलाही चव कळते.) आम्ही नऊजण राहायचो तिथे दोघांहून जास्त माणसं मावत नाहीत, हे शास्त्रीय मोजमापाने सिद्ध झालंय. आणि वळचणीखाली, जिथे आम्ही घरच्या माणसांची हाडं चादरीत बांधून ठेवायचो, तिथे प्लास्टरच्या हाडांचं गाठोडं. खाली पाटी: 'पूर्वज'.

माझी बहीण लूर्देस आजारी पडली. वारलेली आई रोज तिच्या स्वप्नात यायची, "गारठलेय गं, घरी ने." आमच्यात याला एकच औषध: हाडं उकरायची, पुसायची, चादरीत बांधायची, घरासमोर डुक्कर कापायचं आणि मग तिला आत ठेवायचं.

"पत्र्याखाली नाही यायची ती," लूर्देस म्हणाली. "तिचं घर समुद्रावर गेलंय."

आई मांडीवर, डुक्कर पोत्यात. गेलो बसने.

तिथल्या व्यवस्थापक आर्सेलीबाईंनी गाठोडं पाहिलं. "पाहुणे दोन की तीन?"

"ही पाहुणी नाही, घरमालकीण आहे," लूर्देस म्हणाली.

"पोत्यात काय? पाळीव प्राणी चालत नाहीत हं."

"पाळीव कुठलं, मॅडम! आईची न्याहारी आहे ती."

आर्सेलीबाईंनी तुमच्या खात्याला फोन लावला. "तेवढ्यात घर डोळे भरून पाहून येते," म्हणून लूर्देस गाठोड्यासकट आत गेली. तुमचं उत्तर आलं: विधी शनिवारी संध्याकाळी, पाहुण्यांच्या करमणुकीसाठी, रक्त व हाडं वगळून करता येईल.

डुक्कर जिवंत परत आलं. बसमध्ये लूर्देसने गाठोडं सोडून दाखवलं. आत प्लास्टर.

"ताई! हे काय केलंस?"

"ठेवून आले तिला. पाटी आयती लावलेली होती."

मागच्या महिन्यात तुमचे अधिकारी तिथे तपासणीला गेले. शेरा मारला: 'पूर्वजांची प्रतिकृती चांगली, थोडी अधिक खरी वाटावी.'

लूर्देसचा ताप उतरला होता. परवा पुन्हा चढला. स्वप्नात आई म्हणते, ऊब आहे, पण सगळे माझ्यासमोर जेवतात आणि मला कुणी विचारत नाही.

तेव्हा साहेब तुम्ही, आणि गेल्या सुट्टीत तिच्या वळचणीखाली झोपून, सकाळी भात-अंडी हाणून, 'अस्सल अनुभव' असं लिहून आलेले वाचकहो, तुम्हीसुद्धा, सांगा. आईला खाट मिळाली. न्याहारी कोण देणार?