पान्ह्याची उघाडी

पाण्यातलं आपल्याला कळतं, असं अंबाजी म्हणायचा आणि त्यात खोटं काही नव्हतं. धरमतरच्या खाडीकाठी त्याचं मिठागर होतं. कुठली भरती आत घ्यायची, बांधातली उघाडी, म्हणजे पाण्याचं दार, कधी खोलायची, पाणी किती कोंडून ठेवायचं, हे विचारायला अख्खी वाडी त्याच्या ओटीवर यायची. चूक एवढीच झाली, की पाणी आणि दूध यांत त्याने फरक केला नाही.

सून जनी पहिलं बाळंतपण आटपून किहीमच्या माहेराहून परतली ती गोदूला घेऊन. घरातली पहिली नात. तिने मुठीत आजोबांची मिशी धरली आणि त्या दिवशी अंबाजी मिठागरावर गेलाच नाही. पण गोदू सारखी रडायची. जनीने पाजून खाली ठेवलं, की थोड्या वेळाने पुन्हा सूर लागलाच.

"पोर उपाशी हाय," अंबाजीने निदान केलं. "जरा साचलं का ही पिते, जरा साचलं का ही पिते. वाफा भरायच्या आधीच उघाडी खोलली, तर मीठ कसं धरंल?"

"बाळ हाय ते, मीठ न्हाय," बायको सोनूबाई म्हणाली.

"आधी भरू दे. आठवडाभर उघाडी बंद!"

तेवढ्यात व्याही येसाजीचा निरोप आला. नात सुकत चालल्याचं कानावर आलंय, येत्या बाजाराला येतो आणि मायलेकींना घेऊन जातो. अंबाजीने जनीला देवापुढे उभं केलं आणि गोदूला अंगावर पाजणार नाही, अशी शपथ घ्यायला लावली. गोदूची रवानगी शेजारच्या केसरकडे झाली. केसरचा नामा गोदूच्याच वयाचा.

"एकीला दोघं जड न्हाईत, काका," केसर म्हणाली.

अंबाजीने तिला रोज मुशी मासळी पोचवायला सुरुवात केली. मुशीच्या रश्शाने दूध वाढतं, हे खाडीकाठी कुणाला सांगावं लागत नाही.

दुसऱ्याच दिवशी जनीची छाती दगडासारखी झाली, अंगात ताप भरला. कुडापलीकडे गोदू रडली, की इकडे जनीची चोळी भिजायची आणि पाठोपाठ डोळेही.

"शपथ नेमकी काय घातलीय?" सोनूबाईने विचारलं.

"गोदूला न्हाय पाजायचं, म्हणून."

"नामाचं नाव न्हाय ना त्यात?"

असं म्हणून सोनूबाई पलीकडे गेली आणि नामाला आणून तिने जनीच्या मांडीवर ठेवला.

मग हाच शिरस्ता पडला. अंबाजी मिठागरावर गेला, की केसर गोदूला घ्यायची आणि जनी नामाला. नामा पोर खादाड. चार दिवसांत त्याच्या मनगटांना वळ्या पडल्या. संध्याकाळी अंबाजी विचारायचा, "कसं काय, सूनबाई?" जनी खाली मान घालून म्हणायची, "भरतंय, मामंजी." ते खरंच होतं. पाजणाऱ्या बाईच्या खोलीत बाप्याने डोकवायचं नसतं, म्हणून नातीची चौकशी तो केसरच्या पडवीतूनच करून परत फिरायचा.

बाजाराच्या दिवशी भर दुपारी येसाजी येऊन ओटीवर बसला. सांगावा मिळताच अंबाजी तसाच चिखलाच्या पायांनी धावत घरी आला. सोनूबाई आणि जनी पाण्याला गेल्या होत्या. आतल्या झोळीत मात्र दुपट्यात गुंडाळलेलं बाळ झोपलेलं. केसरने नातीला आणून निजवलेलं दिसतंय, असं समजून त्याने ते उचललं. जन्मभर मिठाच्या पाट्या तोललेले ते हात. वजन हाताला लागताच त्याची छाती फुगली.

"बघा, व्याही!" ओटीवर येऊन तो म्हणाला. व्याही आले म्हणून चार शेजारीही गोळा झाले होते. "सुकलीय म्हणत होतात ना? ही बघा तुमची नात. उघाडी बंद ठेवली, त्याचा हा गुण."

आणि सगळ्यांना नीट दिसावं म्हणून त्याने बाळाला डोक्याच्या वर उचललं.

दुपटं सुटलं. वरून एक धार निघाली, ती अंबाजीच्या मिशीवरून वळून थेट येसाजीच्या नव्या कोटावर पडली. येसाजीने शांतपणे कोट पुसला.

"व्याही," तो म्हणाला, "आमची गोदू पोरगी हाय ना?"

अंबाजीने वर पाहिलं आणि बाळाला खाली घेऊन छातीशी धरलं. भिजल्याची लाज त्याला उरली नाही. "माझी नात कुठं हाय?" एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

तेवढ्यात सोनूबाईच्या पुढे जनी डोक्यावर हंडा घेऊन अंगणात आली. "मामंजी, तो नामा. गोदू केसरकडं हाय."

"मग हा एवढा भरला कशानं?"

जनीने हंडा उतरवला. "माझ्या दुधानं," ती हळूच म्हणाली. "पर शब्द न्हाय मोडला, मामंजी. गोदूला थेंब न्हाय दिला." आणि इतके दिवस दाबलेलं रडू तिला आवरेना.

अंबाजीचं काळीज हललं. दुसऱ्याचं पोर मांडीवर घेऊन या पोरीने कुडापलीकडचं पोटच्या लेकीचं रडणं ऐकलं होतं, तेही आपल्या शहाणपणापायी! सोनूबाईची हाक ऐकून केसर गोदूला घेऊन आली. गोदूही काही सुकलेली नव्हती. अंबाजीने तिला घेतलं आणि स्वतः जनीच्या हातात दिलं.

"घे, सूनबाई. शपथ सुटली. ती मागंल तेव्हा दे."

येसाजी मुशी-भात जेवून एकटाच परत गेला. संध्याकाळपर्यंत गोदू चार वेळा रडली आणि चार वेळा प्याली. पाचव्यांदा अंबाजीने तोंड उघडलं, पण सोनूबाईने नुसतं पाहिलं आणि त्याने ते मिटलं.

पाण्यातलं आपल्याला कळतं, असं तो पुढेही म्हणायचा. फक्त कुणाचंही पोर उचलायच्या आधी दुपटं वर करून बघायचा, आणि मग हात लांब धरायचा.