हजेरीपट खाणारी शेळी

मुलांना काय आवडावं हे मुलांनाच ठरवू द्यावं, इतका आपला समाज अजून बिघडलेला नाही. त्यासाठी आपल्याकडे समिती असते. ऐंशी सालच्या सुमारास औरंगाबादेत अशीच एक बालवाचन शुद्धी समिती होती. सभासद पाच, सगळ्यांचं मिळून वय तीनशे अडतीस. बालक एकही नव्हतं (बालकं मध्येच बोलतात).

अंबिका पाठक हिनं आपलं पहिलं चित्रपुस्तक या समितीपुढे ठेवलं. गोष्ट तिची, चित्रंही तिचीच. दिवसभर औरंगपुऱ्यातल्या छापखान्यासाठी लग्नपत्रिकांवरचे गणपती काढायचे आणि उरलेल्या वेळात शेळी, असं पाच वर्षं चाललं होतं. गोष्ट साधी होती. एक शेळी शाळेत शिरते आणि हजेरीपट खाऊन टाकते. कोण हजर, कोण गैरहजर, हे आता सांगता येत नाही, म्हणून सगळे नदीवर पोहायला जातात. हेडमास्तरसुद्धा.

नियमानुसार पुस्तकाची चाचणी बिडकीनच्या एका शाळेत झाली. नवव्या पानावर शेळी रवंथ करत उभी होती आणि तिच्या ओठातून हजेरीपटाचा कोपरा लोंबत होता. वर्ग इतका हसला की शेजारचा वर्ग खिडकीशी येऊन उभा राहिला. साळू नावाची एक पोरगी म्हणाली, "बाई, शेळी लई गुणाची हाय. आमच्या शाळंत कधी धाडता?" अंबिकाला भरून आलं. पाच वर्षं ती याच हसण्यासाठी खपली होती.

अहवालात नोंद झाली: 'पान नऊ. शिस्तभंग. कालावधी चार मिनिटं.'

समितीचे अध्यक्ष व्यंकटराव (नातवंडं सात, पैकी नावानिशी आठवणारी चार) शांतपणे म्हणाले, "अंबिकाबाई, हजेरीपट हा सरकारी दस्तऐवज आहे. तो खाल्ल्यावर बोध काय?"

"शेळ्या कागद खातात, एवढाच," अंबिका म्हणाली.

"तो शेळीला माहीतच आहे," सभासद नानासाहेब म्हणाले. "मुलांचं काय?"

मग एकमतानं दुरुस्त्या झाल्या. शेळीनं गवत खावं. शाळेच्या आवारात गवत असणं हे व्यवस्थापनाला कमीपणाचं, म्हणून ते कुंपणाबाहेर असावं. जनावर हसताना दिसू नये, म्हणून तोंड मिटलेलं असावं. मिटल्या तोंडानं खाता येत नाही, म्हणून शेळीनं गवताशेजारी नुसतं उभं राहावं. नदी रद्द. त्याऐवजी हेडमास्तरांनी समतोल आहारावर दोन पानं बोलावं.

दुरुस्त्या नाही केल्या तर पुस्तक नाही. अंबिका घरी येऊन रडली आणि दुसऱ्या दिवशी दुरुस्त्या करायला बसली. फक्त शेवटच्या पानावर, समतोल आहाराच्या भाषणाशेजारी, शेळीच्या मिटल्या ओठातून तिनं एक बारीकसा पांढरा कोपरा बाहेर काढला. त्यावर हजेरीच्या तीन रेघा.

समितीनं पुस्तक मंजूर केलं. सभासदांनी मजकूर चष्मा लावून वाचला होता. चित्रं पाहिली नव्हती, कारण ती मुलांसाठी असतात.

दोन हजार प्रती महिन्याभरात गेल्या. वाढदिवसाला, मुंजीला, बक्षीस समारंभाला सगळीकडे शेळीच. अंबिका वाट पाहत राहिली. एकाही मुलाला तो कोपरा दिसल्याचं तिच्या कानावर आलं नाही. वर्षभरानं न राहवून ती बघायला निघाली. पहिल्याच घरच्या आशाबाईंनी शोकेसमधलं पुस्तक अभिमानानं लांबूनच दाखवलं. "नवंकोरं ठिवलंय बघा. लेकराच्या हाती दिलं की फाडतंय." बिडकीनला ते हेडमास्तरांच्या कुलूपबंद कपाटात होतं. साळू म्हणाली, "आम्ही काचंतून पाह्यलं, बाई. वरचं पान लई भारी हाय."

आता व्यंकटरावांना तुम्ही खुशाल हसा, समिती केव्हाच बरखास्त झाली आहे. पण तुमच्या घरी असलेली प्रत अजून शाबूत असेल, वरच्या कप्प्यात, प्लॅस्टिकचं कव्हर घालून. ज्याच्यासाठी घेतली होती तो सकाळच्या शिफ्टला वाळूजच्या कारखान्यात गेला आहे. संध्याकाळी आला की द्या त्याला. आधी हात मात्र धुवायला सांगा.