लीनाआत्याचं दार

बसा इथं, कॉफी घ्या. त्या समोरच्या पांढऱ्या दाराची गंमत सांगतो.

तिथं लीनाआत्या राहायची. लीना आयझेनहॉवर. पहिल्या महायुद्धात, जर्मनांशी लढाई चालू असताना, नाव जर्मन म्हणून, कुणीतरी रात्रीतून तिच्या दाराला पिवळा रंग फासला, गद्दाराची खूण म्हणून. गावात रंगाचं दुकान एकच, पर्डींचं. त्यांचा पोरगा क्लाइड तेव्हा मिसरूड फुटलेला. आत्यानं ना दार पुसलं, ना कुणाला जाब विचारला. पिवळंच ठेवलं.

मग दुसरी लढाई आली आन् तेच आडनाव सगळ्या पेपरांत. जनरल आयझेनहॉवर. नातं काही नाही, पण क्लाइड आता मेयर झालेला. जिंकून आलेला जनरल आगगाडीनं घरी ॲबिलीनला निघालाय, गाडी पाण्यासाठी आपल्याकडं थांबणार, असं कळल्यावर तो स्वतः आत्याकडं गेला.

"आत्या, स्वागत तुम्हीच करायचं. घरचं माणूस तुम्ही."

"आज घरची झाले होय?" आत्या म्हणाली. "येते. पण जनरलनं माझा हात हातात घेऊन आपलं नाव सांगायचं, सगळ्या गावासमोर. दुसरं काही नको मला."

आता आमच्या गावाला गाडी म्हणजे इंजिन. धान्याची गाडी आली की सगळे पाण्याच्या टाकीखाली जमायचे. म्हणून बँड तिथं, झेंडे तिथं, घरी भाजलेली रुबार्बची गोड पाई घेऊन आत्याही तिथंच. मोठी माणसं शेवटच्या डब्यात बसतात, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. गाडी थांबली. मागच्या डब्यातून कुणी हात हलवला असेल तर तो ॲम्ब्रोजच्या शेतातल्या गाईंनी बघितला. आमच्यासमोर तेलाचा डबा घेऊन उतरला ड्रायव्हर.

आत्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तिनं हात पुढं केला. "आला का रे?"

क्लाइडचं तोंड चुन्यासारखं झालं. ड्रायव्हरच्या कानाशी लागून म्हणाला, "बाबा, घटकाभर जनरल हो. पाया पडतो."

ड्रायव्हरनं एकदा आत्याकडं बघितलं. हात विजारीला पुसला आन् तिचा हात धरला.

"नाव काय तुझं?"

"आयझेनहॉवर, मावशी."

"मोठ्यानं सांग. इथल्यांना ऐकू दे."

बॉयलरच्या आवाजात ओरडायची सवय असलेला गडी तो. त्यानं असं नाव घेतलं की बँड थांबला. गावानं टोप्या काढल्या. क्लाइड आपल्या बुटांकडं बघत राहिला. आत्याची पाई ड्रायव्हरबरोबर इंजिनात चढली, गाडी गेली.

दुसऱ्या दिवशी क्लाइड ब्रश घेऊन हजर. दार पांढरं केलं. मग दर जूनला, फुकट. "जनरलच्या घरचं दार आहे," म्हणायचा. आन् गावाला दटावून ठेवलेलं, आत्याला कुणी खरं सांगायचं नाही.

पुढं एकदा मी तिच्याकडं वाटाणे सोलत बसलो होतो. आत्या सहज म्हणाली, "हात चांगला होता रे त्या ड्रायव्हरचा."

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. "तुला ठाऊक होतं?"

"जनरलच्या हाताला ग्रीसचा वास कशाला येईल?"

"मग बोलली का नाहीस?"

"नाव तर घेतलं ना त्यानं, सगळ्यांसमोर. आन् बोलले असते तर क्लाइडनं ब्रश खाली ठेवला असता. सोल तू."

आत्या गेली, क्लाइडही गेला. आता त्याचा पोरगा रंगवतो, बापानं सांगितलंय म्हणून. उद्या दुकानात भेटेल तुम्हाला. त्याच्याजवळ यातलं काही बोलू नका बरं. जून तोंडावर आलाय.